समुद्राचा डेटा देशांनी एकमेकांना द्यायचा असे ठरले आहे, मग तो मागायला गेल्यावर मिळत का नाही?

आपला प्रश्न असा आहे की समुद्राच्या नोंदी देशांनी एकमेकांना द्याव्यात यासाठी आंतरराष्ट्रीय धोरण आहे का, ते बंधनकारक आहे का, आणि तसे असेल तर मुंबईलगतच्या समुद्राच्या काही नोंदी घरबसल्या मिळतात नि काहींसाठी अर्ज करून वाट का पाहावी लागते. मी मुंबईत किनाऱ्यावरील बांधकामांच्या आराखड्यांसाठी भरती-ओहोटीच्या आणि लाटांच्या नोंदी तपासण्याचे काम करतो. तेव्हा हे उत्तर धोरण आखणाऱ्याचे नसून ते वापरणाऱ्याचे आहे, हे आधीच सांगतो.

धोरण आहे आणि ते जुने आहे. ज्या नोंदी कुणाला तरी रोज लागतात त्यांच्या बाबतीत ते उत्तम चालते, आणि ज्यांचा उपयोग पुढे कधीतरी होणार असतो त्यांच्या बाबतीत ते बहुतांशी कागदावर राहते, असे माझे मत आहे.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात जागतिक डेटा केंद्रे उघडली गेली, त्यांपैकी एक अमेरिकेत आणि एक सोव्हिएत संघात. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्ही बाजूंनी समुद्राच्या तापमानाचे आणि क्षारतेचे आकडे एकमेकांना द्यायचे मान्य केले, याचे मला अजूनही नवल वाटते. पुढे १९६० मध्ये युनेस्कोअंतर्गत आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोग स्थापन झाला आणि १९६१ मध्ये त्याने डेटा व माहितीच्या देवाणघेवाणीचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक देशाने एक राष्ट्रीय समुद्रवैज्ञानिक डेटा केंद्र नेमायचे आणि त्या केंद्राने देशातल्या नोंदी गोळा करून, तपासून इतरांना द्यायच्या, ही त्याची मूळ रचना. भारतासाठी हे काम हैदराबादची इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) ही १९९९ मध्ये स्थापन झालेली संस्था पाहते.

बंधनाचा प्रश्न नाजूक आहे. आयोगाने २००३ मध्ये डेटा देवाणघेवाणीचे धोरण संमत केले, आणि २०२३ मध्ये ते सुधारले. २००३ च्या धोरणानुसार आयोगाच्या स्वतःच्या कार्यक्रमांतून निघालेला डेटा सदस्य देशांनी वेळेवर, मोफत आणि निर्बंधांविना द्यायचाच आहे. परंतु इतर कार्यक्रमांतला डेटा, तो जीवितरक्षणासाठी किंवा हवामानाच्या अंदाजासाठी आवश्यक असला तरी, देण्याचे केवळ आवाहन केलेले आहे. न देणाऱ्याला शिक्षा नाही. याच्या जोडीला १९८२ चा सागरी कायदा करार आहे. त्यानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात परदेशी संशोधनासाठी त्या किनारी देशाची संमती लागते, आणि संशोधन करणाऱ्याने तिथला डेटा त्या देशाला उपलब्ध करून द्यावा लागतो. म्हणजे एक दस्तऐवज डेटा खुला करा म्हणतो आणि दुसरा घरमालकाला विचारल्याशिवाय मोजमापच करू नका म्हणतो. आपण ज्या अडचणीत सापडला आहात तिचे मूळ बरेचसे या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

या मधल्या जागेतून वाट काढल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे आर्गो. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४००० स्वयंचलित फ्लोट, म्हणजे पाण्यात वाहत राहणारी मापनयंत्रे, सोडलेली आहेत. ते साधारण १००० मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जातात आणि वर येताना तापमान, क्षारता व दाब मोजून उपग्रहाला पाठवतात. फ्लोटला देशांच्या हद्दी कळत नाहीत, म्हणून आयोगाने १९९९ मध्ये ठरवले की एखाद्या देशाच्या क्षेत्रात वाहत जाण्याची शक्यता असलेल्या फ्लोटची त्या देशाला आगाऊ कल्पना द्यायची. एवढी सोय झाल्यावर डेटा २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुला करणे शक्य झाले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा अरबी समुद्राच्या वरच्या थरांत किती उष्णता साठली आहे हा प्रश्न महत्त्वाचा होता. त्याचे उत्तर केवळ पृष्ठभाग पाहणाऱ्या उपग्रहांवरून पूर्ण मिळत नाही, त्यासाठी असे फ्लोट लागतात.

आर्गोचे खरे मोल मात्र वेगापेक्षा त्याच्या फाइलींच्या रचनेत आहे. प्रत्येक मोजमापाबरोबर दर्जाचा अंक असतो: १ म्हणजे चांगले, ४ म्हणजे टाकाऊ. शिवाय मूळ मूल्य आणि दुरुस्त केलेले मूल्य ही दोन्ही फाइलीत शेजारी शेजारी ठेवलेली असतात. हा सोपस्कार नाही. २००६ मध्ये एका शोधनिबंधात समुद्राचा वरचा थर २००३ नंतर थंड झाल्याचा निष्कर्ष निघाला आणि मोठी खळबळ उडाली. २००७ मध्ये उलगडा झाला की काही फ्लोट मोजमापे चुकीच्या दाबाशी, म्हणजे चुकीच्या खोलीशी जोडत होते, आणि जहाजांवरून टाकल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तापमापकांचे आकडे वास्तवापेक्षा किंचित उष्ण येत होते. दोन्ही चुका एकत्र येऊन समुद्र थंड झाल्यासारखा दिसला. कच्चा डेटा खुला होता आणि कोणते फ्लोट कोणत्या बनावटीचे याची नोंद होती, म्हणूनच ही चूक वर्षभरात सापडली.

त्सुनामीच्या बाबतीतही देवाणघेवाण चालते, पण तिची किंमत २६ डिसेंबर २००४ रोजी मोजावी लागली. त्या दिवशी हिंदी महासागरात इशारा यंत्रणाच नव्हती. आयोगाने पुढच्या वर्षी तिची बांधणी सुरू केली आणि २००७ मध्ये हैदराबादचे केंद्र कार्यान्वित झाले. १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. तसे पुन्हा घडले तर लाट खरोखर निघाली आहे का, हे सर्वांत आधी पाकिस्तान, इराण आणि ओमानच्या किनाऱ्यांवरील भरतीमापकांना कळणार. शेजाऱ्याशी संबंध कसेही असोत, त्याचे भरतीमापक चालू असणे मुंबईच्या हिताचे आहे.

आता जिथे गाडी अडते तिकडे येतो. लोक गुप्ततेला दोष देतात, आणि समुद्रतळाच्या तपशीलवार नकाशांच्या बाबतीत तो दोष खराही आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सीबेड २०३० या प्रकल्पाला जगाच्या समुद्रतळापैकी आजवर सुमारे पाव भागाचाच आधुनिक पद्धतीने मोजलेला नकाशा हाती आला आहे. उरलेला बराचसा मोजलेलाच नाही, तर काही मोजून कपाटात ठेवलेला आहे. पण माझ्या अनुभवात डेटा अडतो तो अधिक करून वर्णनाअभावी. तो देण्याची तयारी असते. मात्र तो कसा, कशाने आणि कुठल्या शून्यापासून मोजला हे लिहून ठेवलेले नसते.

अपोलो बंदरच्या भरतीमापकाचेच पाहा. त्याच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि हिंदी महासागरातल्या सर्वांत दीर्घ मालिकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांच्या मासिक सरासऱ्या लिव्हरपूलला, जगभरची सरासरी समुद्रपातळी १९३३ पासून जपणाऱ्या संस्थेकडे आहेत आणि कुणालाही मोफत मिळतात. फाइल उघडली की अर्धविरामांनी वेगळे केलेले रकाने दिसतात. पहिल्यात १९०१.०४१७ असे लिहिलेले असेल तर तो १९०१ चा जानेवारी. दुसऱ्यात मिलिमीटरमध्ये पातळी, ७००० च्या आसपास. आणि मध्येच कुठे -९९९९९. आकडे ऋण येऊ नयेत म्हणून शून्य मुद्दाम सरासरी पातळीच्या सुमारे सात मीटर खाली धरलेले आहे, आणि -९९९९९ म्हणजे त्या महिन्याची नोंद नाही. हे दोन खुलासे सोबत दिलेले आहेत म्हणून ती फाइल उपयोगाची. ते नसते आणि कुणी सरळ बेरीज करून सरासरी काढली असती, तर मुंबईचा समुद्र कुठल्या कुठे गेला असता.

शहरात परिस्थिती आणखी गमतीची आहे. बंदराचे नकाशे चार्ट डेटमपासून, म्हणजे ओहोटीच्या नीचांकाजवळ धरलेल्या आधारपातळीपासून, खोली मोजतात, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या उंच्या सरासरी समुद्रपातळीपासून असतात, आणि पालिकेच्या पर्जन्यवाहिन्यांच्या नकाशांत पातळ्या टाउन हॉल डेटम या शहराच्या वेगळ्या आधारपातळीपासून दिलेल्या असतात. एका कार्यालयाकडून आम्हाला भरतीच्या पातळ्यांची सुबक तक्ता-फाइल आली होती. तिच्यात तारीख, वेळ, पातळी सारे होते, फक्त शून्य कुठले ते नव्हते. फाइल दिल्याची नोंद त्यांच्याकडे झाली, आणि ती आमच्या काही उपयोगाची नव्हती.

आयोगाच्या अलीकडच्या धोरणाचा भर म्हणूनच मला योग्य वाटतो. सगळा डेटा एका ठिकाणी आणून ओतण्याचा आग्रह आता मागे पडला आहे. प्रत्येक केंद्राने डेटा स्वतःकडेच ठेवावा, पण त्याचे वर्णन सर्वांना, विशेषतः संगणकाला, वाचता येईल अशा सामाईक साच्यात प्रसिद्ध करावे, अशी व्यवस्था उभी राहते आहे. देश वर्णन द्यायला सहसा कचरत नाहीत आणि निदान अमुक नोंदी अमुक ठिकाणी आहेत एवढे तरी कळते. उणीव पैशाची आहे. मोहिमेला, जहाजाला, उपकरणाला निधी मिळतो. मोहीम संपल्यावर फाइली नीट लावणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद क्वचित असते.

आपल्याला प्रत्यक्ष डेटा हवा असेल तर आर्गोचे फ्लोट आणि लिव्हरपूलच्या मासिक सरासऱ्या यांना कुणाची परवानगी लागत नाही. सागरी जीवांच्या नोंदींसाठी दहा कोटींहून अधिक नोंदी असलेला ओबिस हा आंतरराष्ट्रीय माहितीसंग्रह पाहावा, त्याचे भारतीय केंद्र कोचीला आहे. उरलेल्यासाठी इन्कॉइसकडे अर्ज करावा लागेल. भारताच्या २०१२ च्या राष्ट्रीय डेटा धोरणात खुला डेटा, नोंदणी करून मिळणारा डेटा आणि निर्बंधित डेटा असे वर्ग आहेत. आपली मागणी कोणत्या वर्गात बसते ते आधी विचारून घ्या. अर्जात ‘मुंबईजवळचा समुद्र’ असे मोघम लिहू नका. अक्षांश-रेखांशांची चौकट, कालावधी, कोणते मोजमाप हवे आणि त्याचा उपयोग काय हे लिहा, आणि आधारपातळी व उपकरणाचा तपशीलही सोबत मिळावा, अशी मागणी त्याच अर्जात करा. नंतर ती वेगळी मागायला गेल्यास फाइल तयार करणारा माणूस तोवर बदलून गेलेला असतो.