जरा जड लिहा, आप्पा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं म्हणून मी तुझ्या मिसना मेल लिहीत होते. ‘काइंडली परमिट माय डॉटर टू लीव्ह अर्ली. आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड.’ तू मागून वाचलंस आणि विचारलंस, “आई, तू मिसना घाबरतेस का? मराठी लोक सगळे असंच लिहितात?” मी विषय बदलला, पण ते मनाला लागलं. म्हणून हे पत्र. अडलं तर बाबांकडून वाचून घे.

आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं २००० साली, तोवर माझी शाळा संपली होती. इस्लामपुरात इंग्रजीत बोलणार तरी कुणाशी? आम्हाला ते भेटलं अर्जातून. रजेचा अर्ज अख्ख्या वर्गाला तोंडपाठ, ‘आय बेग टू स्टेट’पासून ‘युवर्स ओबीडियंटली’पर्यंत.

आणि घरी आप्पा. ते पोस्टात होते, त्यामुळे संध्याकाळी आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी अर्ज लिहून घ्यायला बसलेलंच असायचं. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून गावी परतलेली माणसं, कुणाचा फंड अडकलेला, कुणाची ग्रॅच्युइटी. आप्पा कागदाची डावी कड दुमडून समास पाडायचे, नखाने घडी दाबायचे आणि मगच पेन उघडायचे. समोरच्याला इंग्रजीचं अक्षरही कळत नसे, तरी तो म्हणायचा, “जरा जड लिहा, आप्पा.” हलकं लिहिलं तर साहेब कागद बाजूला टाकील, अशी त्याची समजूत. ती खोटी होती असं मला आजही म्हणवत नाही. तू राहतेस त्याच ब्रिटनमधले साहेब एकेकाळी सरकारी पत्राखाली ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ लिहून सही करत. इथे ते मागे पडलं, आमच्या अर्जांत बरीच वर्षं टिकून राहिलं.

म्हणजे ती भीती होती का? ओट्यावरच्या माणसांना थोडी असेलही. माझ्यात ती कितपत उतरली, हे मलाच नीट सांगता येत नाही. शेजारच्या काकूंकडे आम्ही “काकू, वाटीभर साखर द्या हो” म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरायचो, तिथे कुठला आलाय अर्ज! ऑफिसातही मी दिवसभर ‘कुड यू हॅव अ लुक’, ‘मेनी थँक्स’ असंच लिहिते, ते मला छान जमतं. पण तुझ्यासाठी काही मागायचं झालं की हात आपोआप जड लिहितो. तुझं काम अडू नये, एवढंच तेव्हा मनात असतं.

बसमधून उतरताना तू ड्रायव्हरला ‘थँक यू, चीअर्स’ म्हणतेस ते मला फार आवडतं. ‘हाय मिस’ही तुझ्या तोंडी शोभतं. बाई वर्गात आल्या की उभं राहणाऱ्या माझ्या पिढीला ते जमायचं नाही, पण तू माझ्यासारखंच लिहावंस असा माझा हट्ट नाही.

फक्त दिवाळीला आप्पांना लिहिशील तेव्हा वर ‘ती. आप्पांस’ आणि त्याखाली ‘सा. न.’ लिहिशील का? पुढचं पत्र इंग्रजीत असलं तरी चालेल. ते चष्मा लावून पहिली ओळ आधी बघतात.

तुझी,
आई