आकडे जुळत नाहीत कारण तू पान बघितलेलं नाहीस

अरे,

तुझा मेसेज दोनदा वाचला. एकच वृत्तपत्र, त्याच तारखा, तेच शब्द, तरी जुन्या बातम्या शोधायच्या तीन डेटाबेसमध्ये तीन तऱ्हा, नेक्सिसवर बातम्यांचा एक आकडा, प्रोक्वेस्टवर दुसरा, फॅक्टिवावर तिसराच, आणि तुझा प्रश्न काय तर "मॅडम, नक्की कुठला धरू?" कुठलाच धरू नकोस. आधी पान बघ.

तुझ्या प्रबंधाचा विषय आहे बातमीला किती महत्त्व दिलं गेलं. महत्त्व म्हणजे बातमी पहिल्या पानावर होती की आत, अंकाच्या घडीच्या वर की खाली, किती कॉलमी, फोटोसकट की नुसतीच, शेजारी काय होतं. यातलं नेक्सिस नि फॅक्टिवावर काय दिसतं? बहुतेक वेळा नुसता मजकूर, वर शीर्षक, नाव, तारीख, शब्दसंख्या आणि नशीब असेल तर पान क्रमांक. म्हणजे अर्धा पान व्यापणारी बातमी आणि कोपऱ्यात कोंबलेली चौकट तिथे सारखीच दिसते, आणि तू त्या दोन्हींना एकेक गुण देऊन तक्ता केलायस. तक्ता सुंदर आहे हो, रंगीतसुद्धा आहे, पण तो वृत्तपत्राचा तक्ता नाही, डेटाबेसचा आहे.

प्रोक्वेस्टचा ऐतिहासिक वृत्तपत्रांचा संग्रह मात्र वेगळा, तिथे आख्ख्या पानाची स्कॅन केलेली प्रतिमा मिळते. पण तू तिथेही काय केलंस, सर्चचा आकडा उचललास आणि पान उघडलंच नाहीस! तो सर्च मशीनने छापील अक्षरं ओळखून तयार केलेल्या मजकुरावर चालतो. शाई पसरलेली असली की अक्षर चुकतं, कॉलमच्या कडेला शब्द तुटून पुढच्या ओळीत गेला असला की तो सापडेलच याचा भरवसा नाही. म्हणून नुसतं नाव टाकून थांबू नकोस, त्या दिवसाचा अंक पहिल्या पानापासून चाळ. वेळ लागतो, माहितीये.

आकडे वेगळे येण्याचं अजून एक कारण सांगते जे सहसा वर्गात कुणी सांगत नाही. फ्रीलान्स लेखकांचे लेख त्यांना न विचारता डेटाबेसमध्ये टाकले म्हणून अमेरिकेत खटला झाला, टासिनी विरुद्ध न्यूयॉर्क टाइम्स, आणि 2001 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने लेखकांच्या बाजूने निकाल दिला. मग प्रकाशकांनी काय केलं, तर असे पुष्कळ लेख डेटाबेसमधून काढूनच टाकले. म्हणजे छापील अंकात लेख आहे, तुझ्या स्क्रीनवर नाही, आणि तिथे भोक आहे हे सांगणारी पाटीही नाही. त्यात वृत्तसंस्थेची एकच बातमी कुठे चारदा मोजली जाते, कुठे डुप्लिकेट म्हणून गाळली जाते. आता सांग, कुठला आकडा धरायचा?

आणि पान बघितलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही, कुठल्या आवृत्तीचं पान तेही बघ. शिकागो ट्रिब्यूनचं ते 3 नोव्हेंबर 1948 चं, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्युईने ट्रुमनला हरवलं सांगणारं शीर्षक तुला माहितीच असेल, प्रत्यक्षात जिंकला होता ट्रुमन. छपाई कामगारांचा संप चालू होता, अंक लवकर सोडायचा होता, त्या घाईत ते पहिल्या आवृत्तीत गेलं आणि नंतरच्या आवृत्त्यांत बदललं. मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांचे बारीक फोटो घेतलेल्या फिल्मच्या रिळावर, बहुतेकदा दिवसाची एकच आवृत्ती घेतलेली असते. "त्या दिवशी अमुक वृत्तपत्राने असं छापलं" हे वाक्य लिहिताना हात थोडा थरथरायला हवा.

मला ऑफिसात हळूबाई म्हणायचे. एका संपादकांनी सगळ्यांदेखत ऐकवलं होतं की वाचकाला काय घेणंदेणं जुनी बातमी तू पानावर वाचलीस की कुणाच्या लेखात. बढती दुसऱ्याला मिळाली, जो भराभर लिहायचा. मिळू दे. पुढे त्याच ऑफिसने कात्रणांची कपाटं रद्दीत काढली, मी विरोध केला, लेखी दिलं, कुणी दाद दिली नाही, आणि ते मला अजून लागतं. अर्थात कात्रण म्हणजेही पान नव्हेच. निळ्या शाईत तारीख टाकलेली, पान क्रमांक नाही, शेवटची ओळ कात्रीत गेलेली, आणि मागच्या बाजूला कुठल्यातरी जाहिरातीचा अर्धा चेहरा. पण निदान शोध कुठून सुरू करायचा ते तरी कळायचं. असो, मी हट्टी आहे हे मान्य, पण माझा हट्ट चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

बाकीच्या शंका पटापट. जेस्टोरवर, म्हणजे शोधनिबंधांच्या त्या ऑनलाइन संग्रहात, गेल्या काही वर्षांतलं संशोधन दिसत नाही म्हणून "या विषयावर अलीकडे काम झालेलं नाही" असं लिहिलंयस, ते आधी खोड. तिथे अनेक नियतकालिकांचे ताजे अंक ठरावीक वर्षं उशिराच येतात, सहसा तीन ते पाच. ताज्यासाठी एब्स्को या कंपनीचा कम्युनिकेशनवाला डेटाबेस बघ. टीव्हीसाठी व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा संग्रह, 5 ऑगस्ट 1968 पासून अमेरिकन नेटवर्क्सच्या संध्याकाळच्या बातम्या रेकॉर्ड केल्यात, पण सारांशावर भागवू नकोस, क्लिप मागव. वेबसाइटवरच्या बातमीचं शीर्षक दिवसातून कितीदा बदलतं ते वेबसाइट्सच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर बघ, जिथे त्या पानाच्या नोंदी असतील तिथे. आणि चॅटबॉटने दिलेला तो शोधनिबंध "आपल्या लायब्ररीत नाही" म्हणून तक्रार करतोयस, अरे, तो कुठेच नाही, नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडून बघ की!

लायब्ररीत संदर्भ विभागात जे बसतात त्यांना जाऊन भेट. "मीडियावर काहीतरी हवंय" असं म्हणू नकोस, वृत्तपत्राचं नाव, वर्षं आणि पानाची प्रतिमा हवीये असं नेमकं सांग. आपल्याकडे नसेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मायक्रोफिल्म मागवता येते का विचार, त्याला वेळ लागतो म्हणून याच आठवड्यात विचार. मायक्रोफिल्मच्या मशीनवर डोळे दुखतात, मान आखडते, रीळ उलटी लावली तर पान डोक्यावर उभं राहतं. चालायचंच.

तुझं लॉगिन डिग्री झाली की बंद होईल, बहुतेक ठिकाणी होतंच, नेमकं कधी ते विचारून घे. नोकरीत हे सगळं फुकट मिळत नाही, मी कितीतरी वर्षं ओळखीच्यांना विनवण्या करून पानं मिळवलीत.

दुसरं प्रकरण परत पाठवशील तेव्हा तक्त्यात तीन रकाने वाढव, पान क्रमांक, आवृत्ती, आणि पान स्वतः बघितलं की नुसता मजकूर वाचला. तिसरा रकाना रिकामा दिसला तर मी पुढे वाचणार नाही. आणि रंग काढून टाक.