मन मोकळं करायला एआय चॅटबॉट वापरण्यात धोका काय?

कधीमधी मनातली वाफ काढायला वापरलात तर आभाळ कोसळणार नाही. रोजची सवय लागली की मात्र जपून.

मुख्य अडचण त्याच्या होयबा स्वभावाची. रात्री दोन वाजता लिहून बघा, "सासूबाई मुद्दाम टोमणे मारतात." उत्तर येईल, "तुम्हाला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे." मैत्रीण असती तर म्हणाली असती, "अगं, पण त्याआधी तू काय बोललीस?" बॉट सहसा हे विचारत नाही, कारण लोकांना आवडतील अशी उत्तरं देण्याकडे त्याचं प्रशिक्षण झुकतं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला त्यामागच्या जीपीटी-४ओ या मॉडेलचं एक अपडेट अति गोडबोलेपणामुळे मागे घ्यावं लागलं होतं! आणि २०२३ मध्ये अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका संस्थेचा बॉट चक्क वजन घटवायचे सल्ले देऊ लागला. तो बंद करावा लागला.

गोपनीयतेचीही अडचण आहेच. मानसोपचारतज्ज्ञाला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं बंधन आहे, चॅटला तसं कवच नाही. हे खुद्द ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच बोलून दाखवलंय. त्यामुळे नावं, पत्ते, घरातली भांडणं तिथे ओतताना हात आखडता घ्या.

जीव नकोसा होण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर बॉट बंद करा आणि घरातल्या कुणाला तरी उठवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीतही बोलता येतं.