‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ ही कादंबरी आवडली असेल, तर बीबीसीची 2009 ची मालिका पाहावी का?

पाहू नका असे मी म्हणणार नाही. पण कादंबरी नुकतीच वाचून झाली असेल, तर मध्ये काही महिने जाऊ द्यावेत. मी पुस्तक मिटल्यावर आठवड्याभरातच मालिका लावली आणि पहिल्या अर्ध्या तासात माझा हिरमोड झाला.

जॉन विंडम यांच्या 1951 सालच्या या कादंबरीची सुरुवात आठवून पाहा. डोळ्यांवर पट्टी बांधलेला बिल मेसन रुग्णालयातल्या खाटेवर पडून आहे, आज बुधवार असल्याचे त्याला पक्के ठाऊक आहे, आणि तरीही बाहेर रविवारची शांतता पसरलेली आहे. आदल्या रात्री आकाशातल्या हिरव्या उल्का पाहता आल्या नाहीत म्हणून जो चुटपुटत होता, तोच, त्या पाहणारे सारे आंधळे झाल्याने, आता मोजक्या डोळस माणसांपैकी एक उरला आहे, हे त्याला आणि त्याच्यासोबत आपल्यालाही हळूहळू, आधी केवळ कानांनी, उमगत जाते. मालिकेत उल्कांच्या जागी सूर्यावरचा उद्रेक येतो आणि जगाचे काय झाले ते बिलच्या आधी प्रेक्षकाला दाखवून टाकले जाते. भीती उरणार कुठून?

सगळेच बदल वाईट आहेत असे नाही. ट्रिफिडचे, म्हणजे चालू शकणाऱ्या विषारी वनस्पतीचे, तेल मालिकेत खाण्याऐवजी इंधन म्हणून वापरले जाते, ही कल्पना मला मूळ कल्पनेइतकीच पटली.

खरी चूक वेगळी आहे. या कादंबरीत ट्रिफिड दुय्यम आहेत. आंधळ्या माणसासमोर डोळे नसलेल्या वनस्पतीचे पारडे जड ठरते, एवढेच त्यांचे बळ. अंगावर काटा येतो तो कोकर या पात्राच्या योजनेने: तो डोळस माणसांना पकडून आंधळ्यांच्या टोळ्यांना जुंपतो, आणि बिल दोन्ही बाजूंच्या दोन आंधळ्यांशी बेड्यांनी जखडलेला, बंद दुकानांतून त्यांच्यासाठी अन्न शोधत फिरतो. कोकर क्रूर आहे की तोच एकटा माणुसकीने वागतो आहे, हे ठरवणे वाचकाला जड जाते. (मला अजूनही ठरवता आलेले नाही.) मालिकेत हा पेच टॉरेन्स या दुसऱ्या पात्राच्या सत्तालोभापुढे मागे पडतो. पुस्तकात टॉरेन्स थोडाच वेळ येतो आणि त्याच्या गाडीच्या टाकीत मध ओतून त्याची वाट लावली जाते. इथे एडी इझार्ड यांना घेऊन त्याचा मुख्य खलनायक केला आहे. अभिनय उत्तम आहे, मात्र खलनायक मिळाला की प्रेक्षक निर्धास्त होतो, कारण दोष कुणाला द्यायचा ते त्याला कळलेले असते. दीड-दीड तासाच्या दोन भागांत बिलच्या आईवडिलांचे जुने दुःखही कोंबले आहे. शेवट मी फोडत नाही. पण पुस्तकात ज्या संकटाला पिढ्यान्‌पिढ्या झुंजावे लागणार असते, त्यातून तिथे फारच सोयीस्कर वाट निघते.

त्यापेक्षा बीबीसीचीच 1981 ची सहा भागांची मालिका आधी पाहावी. ट्रिफिड नकली आहेत हे लपत नाही आणि चित्रण जुनाट वाटते. परंतु पहिल्या भागातला बराच वेळ पट्टी बांधलेला एक माणूस खाटेवरून ध्वनिमुद्रकाशी बोलत राहतो, एवढेच घडते, आणि मी तो भाग जागचा न हलता पाहिला.