कॉकपिटमध्ये धूर: कारण शोधायचं की उतरायचं?

प्रश्न दोन आहेत. उडत्या विमानाच्या कॉकपिटमध्ये धूर झाला तर वैमानिक खिडकी का उघडत नाहीत? आणि धूर कुठून येतोय ते आधी शोधायचं की सरळ उतरायचं?

खिडकीचं आधी सांगून टाकतो. उंचावर ती उघडतच नाही, कारण आतल्या हवेचा दाब तिला चौकटीत घट्ट रेटून धरतो. खाली येऊन, दाब सोडून, वेग कमी केल्यावर काही विमानांत ती उघडता येते. बोइंग ७८७ मध्ये तर उघडणारी खिडकीच नाही. शिवाय उघडली की वाऱ्याच्या आवाजात शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही, आणि मागचा धूर पुढे ओढला जाऊ शकतो. समोरची उपकरणंच दिसेनाशी झाली तर हा शेवटचा उपाय. ११ जुलै १९७३ रोजी पॅरिसजवळ व्हारिग या ब्राझिलियन विमान कंपनीच्या बोइंग ७०७ च्या वैमानिकांनी असंच खिडक्या उघडून, बाहेर बघत विमान शेतात उतरवलं होतं. तरी १२३ माणसं गेली, बहुतेक धुरानेच.

आता खरं काम, म्हणजे मास्क. सिम्युलेटरवर शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. लाल पकड दाबून मास्क ओढला की त्याचे पट्टे फुस्स करून फुगतात. तो डोक्यावरून घ्यायचा आणि पकड सोडायची, की चेहऱ्यावर घट्ट बसतो. एका हाताने, पाच सेकंदांत जमलं पाहिजे, चष्मा असला तरी. पण मास्कवरचं बटण ‘नॉर्मल’वर राहिलं तर ऑक्सिजनमध्ये कॉकपिटमधली हवा मिसळते, म्हणजे धूरही नाकात जातो. म्हणून ते ‘१०० टक्के’वर, म्हणजे निव्वळ ऑक्सिजनवर हवं. ‘इमर्जन्सी’वर ऑक्सिजन दाबाने येतो आणि आत शिरू पाहणारा धूर बाहेर ढकलतो. त्यानंतर मास्कच्या माइकवर एकमेकांशी बोलून बघायचं. हेडसेटमध्ये श्वासांची घरघर भरून राहते, लांब वाक्यं कळत नाहीत. तोडून, थोडक्यात बोलायचं.

नुसता वास आला तरी मास्क लावा. ‘आता वास येत नाही’ यावर भरवसा ठेवू नका, नाक वासाला फार लवकर सरावतं.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे: विमान जवळच्या विमानतळाकडे वळवा आणि जाता जाता शोधा. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११ च्या कॉकपिटमध्ये पहिला वास आला तेव्हापासून कॅनडाजवळ समुद्रात कोसळेपर्यंत साधारण २१ मिनिटं मिळाली. २२९ जण गेले. कॅनडाच्या चौकशीनुसार अज्ञात धुराची त्यांची चेकलिस्ट पुरी करायलाच २० ते ३० मिनिटं लागली असती. शिवाय तिच्यातला केबिनचा वीजपुरवठा बंद करण्याचा टप्पा पार पडला तेव्हा हवा फिरवणारे पंखे थांबले, छतावरच्या पोकळीतल्या हवेचा प्रवाह उलटला आणि आग कॉकपिटकडे आली. त्या वैमानिकांना दोष देणं मला पटत नाही. लगेच उतरायला घेतलं असतं तरी धावपट्टी गाठता आली नसती, असाच त्या चौकशीचा निष्कर्ष आहे. पण दुसऱ्या एखाद्या दिवशी, दुसऱ्या आगीत, लगेच वळल्याने वाचलेली काही मिनिटं पुरतात.

कारण डोळ्यांसमोर असेल, उदाहरणार्थ सीटच्या यंत्रणेत चिरडलेला फोन, तर एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने विझवायचं. लिथियम बॅटरी असेल तर ज्वाळा गेल्यावरही पाण्याने गार करत राहावं लागतं, नाहीतर ती पुन्हा पेटते. आणि विझलं अशी पक्की खात्री नसेल तर वळवलेलं विमान परत मूळ मार्गावर घेऊ नका.

उतरल्यावरही घड्याळ थांबत नाही. १९८३ मध्ये एअर कॅनडा ७९७ सिनसिनाटीला नीट उतरलं होतं. दारं उघडली, ताजी हवा आत गेली आणि ६० ते ९० सेकंदांत आतलं सगळं एकदम पेटलं. ४६ पैकी २३ जण आतच राहिले. म्हणून उतरण्याआधीच केबिन क्रूला सांगून ठेवा: विमान थांबताक्षणी सगळ्यांना बाहेर काढायचं आहे.