नॅनोभौतिकीच्या मोठ्या संदर्भग्रंथात प्रकरणं शास्त्रज्ञ लिहितात, मग संपादक नेमकं काय करतो?

मी कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकवतो आणि सध्या अशाच एका बहुखंडी ग्रंथाच्या एका विभागाचं संपादन करतोय, म्हणून सांगतो. भाषा, आकृत्यांच्या परवानग्या, लेखकांना आठवणी करणं हे असतंच. पण जीव खातं ते एका प्रकरणातले आकडे दुसऱ्याशी जुळवणं.

कणाचा आकारच घ्या. ‘५ नॅनोमीटरचा कण’ असं सगळेच लिहितात (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). कोणी त्रिज्या धरतो, कोणी व्यास. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मुख्यतः धातूचा गाभा दिसतो. तोच कण द्रवात ठेवून, तो प्रकाश कसा विखुरतो यावरून मोजला, की त्याला चिकटलेल्या रेणूंचं आवरणही मापात येतं आणि आकडा फुगतो. क्ष-किरणांच्या आलेखातल्या शिखरांच्या रुंदीवरून, शेररच्या सूत्राने निघतो तो स्फटिकाचा आकार. एका कणात असे अनेक स्फटिक असू शकतात. तिन्ही मापं आपापल्या जागी बरोबर, पण एका तक्त्यात शेजारी बसवली की घोळ.

आणि हा घोळ महाग पडतो. इथल्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, सोनार आटवतो ते शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. दोन-तीन नॅनोमीटरच्या कणाला त्याहून कित्येक शे अंश कमी पुरतात. ब्युफा आणि बोरेल या संशोधकांनी १९७६ मध्ये ते मोजून दाखवलं. ही घट साधारणपणे व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्रिज्येचा आकडा व्यास समजून वापरला, तर ती दुप्पट येते. क्वांटम बिंदूत, म्हणजे काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणात, कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जाते, तिथे हीच गफलत चौपट होते.

‘व्याख्या प्रकरणाच्या सुरुवातीला दिलीय की’ असं लेखक म्हणतात. मला ते पटत नाही. इथे शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर संशोधन करणारी मुलं पुष्कळ आहेत; ती असा ग्रंथ पहिल्या पानापासून थोडीच वाचतात? तक्ता उघडतात, आकडा उचलतात, कामाला लागतात. त्यामुळे काय मोजलं आणि कशाने मोजलं, हे तक्त्याच्या डोक्यावरच हवं. दोन प्रयोगशाळांची मापं जुळत नसतील तर सरासरी काढून मोकळं होऊ नये, दोन्ही छापावीत.

शिळेपणाचीही काळजी असते. सगळी प्रकरणं हाती येईपर्यंत पहिली जुनी व्हायला लागतात. म्हणून सूत्रांची मांडणी आणि मोजण्याच्या पद्धती यांना मी सढळ जागा देतो, आणि ‘अलीकडेच’ने सुरू होणारी वाक्यं लेखकांना सन घालून पुन्हा लिहायला लावतो.