आई-बाबांचा व्यायाम: सुरुवात खुर्चीपासून

आई-बाबा परदेशात आपल्याकडे राहायला आले की पहिल्या महिन्यात त्यांचं चालणं हमखास कमी होतं. बाहेर थंडी असते, रस्ते अनोळखी, घरात सगळं हाताशी. मग एक दिवस मुलांच्या लक्षात येतं आणि उत्साहाच्या भरात मनगटावर घड्याळ बांधून रोज दहा हजार पावलांचं फर्मान निघतं. आठवड्याभरात गुडघा सुजतो आणि व्यायाम बंद पडतो.

चालणं चांगलंच, पण सत्तरीत आधी खालावते ती मांड्यांची ताकद आणि शरीराचा तोल. नुसतं चालून पडण्याचा धोका फारसा कमी होत नाही. तो कमी होतो ताकदीच्या आणि तोलाच्या व्यायामाने. पासष्टीपुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाच्या हालचाली सांगितल्या आहेत. त्यातच ताकद आणि तोल यांचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करायला सांगितलं आहे. १५० चा आकडा काही महिन्यांनी गाठायचा असतो. सुरुवात खुर्चीपासून करा.

त्याआधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांशी एकदा बोला. छातीत दुखणं, कारण नसताना धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा वर्षभरात एकदाही पडणं, यांपैकी काही असेल तर न विचारता सुरू करू नका. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर नाडी फारशी वाढतच नाही, म्हणून घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. त्यापेक्षा बोलून बघा: चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढे श्रम मध्यम समजावेत. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांनी खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मग उठावं.

मधुमेहात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी साखर तपासा. ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी थोडं गोड खाऊन घ्यायचं. इथे एक गफलत होते. अनेक देशांतली यंत्रं साखर मिलिमोलमध्ये दाखवतात, आणि ९० म्हणजे तिथे ५. मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपल्या ओळखीचा आकडा मिळतो. साखर व्यायामानंतर काही तासांनीही उतरू शकते, त्यामुळे रात्री उशिरा नवा व्यायाम नको.

आता मोजमाप. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषांना १२ पेक्षा आणि बायकांना १० पेक्षा कमी जमलं तर पाय कमकुवत आहेत असं समजायचं. हाताचा आधार लागलाच तर गुण शून्य. मग एका पावलापुढे दुसरं, टाचेला बोटं टेकवून उभं करा. १० सेकंद उभं राहता आलं नाही तर पडण्याचा धोका जास्त आहे. शेजारी कोणीतरी हात न लावता, पण हात पुढे करून उभं राहायचं.

पहिला व्यायाम तोच, उठणं आणि बसणं. पावलं कमरेच्या रुंदीइतक्या अंतरावर आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे ठेवा. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका, श्वास सोडत उठा आणि तीन मोजत हळू बसा. बहुतेकांची चूक इथेच होते. पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला बघतात, ते जमत नाही, मग हिसका देतात आणि परतताना धप्पकन बसतात. ताकद सावकाश बसण्यातूनही वाढते. श्वास कोंडून धरला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून आकडे मोठ्याने मोजायला लावा. तोंड उघडं असलं की श्वास कोंडत नाही. उठताना गुडघे आत वळत असतील तर पावलं थोडी रुंद करा. जमतच नसेल तर घट्ट घडी केलेलं ब्लँकेट घालून बैठक उंच करा. सोफा किंवा चाकांची खुर्ची नको. ५ वेळा करून मिनिटभर थांबा, पुन्हा ५.

त्यानंतर स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून १० वेळा टाचा उचलणं, भिंतीला हात टेकवून ८ वेळा दंड मारल्यासारखं पुढे-मागे होणं, आणि ओट्याशेजारी एकामागे एक पावलं ठेवून १० सेकंद तोल सांभाळणं. सगळं मिळून वीस मिनिटंही लागत नाहीत. एक दिवसाआड करा. पायांत बूट हवेत. मोजे घालून लाकडी फरशीवर तोलाचा व्यायाम म्हणजे पडण्याची तयारी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणं साहजिक आहे. सांधा मात्र व्यायामानंतर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी निम्मंच करा. वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: आधी आकडा, मग आधार कमी, मग वजन. चालणं पाच-दहा मिनिटांचं, दिवसातून दोनदा. बर्फ असेल तेव्हा घरातच.

हाडं ठिसूळ असतील तर वाकून पायाचे अंगठे धरणं, पोटाच्या उठाबशा आणि कमरेत पिळा देणं वर्ज्य. पश्चिमोत्तानासनही त्यात आलं, ते वर्षानुवर्षांच्या सवयीचं असलं तरी. मणके पुढे वाकतानाच दबतात.

छातीत दडपण, जबड्यात किंवा दंडात कळ, थांबूनही न बसणारी धाप, घेरी, यांपैकी काहीही झालं तर लगेच बसवा आणि तातडीची मदत बोलवा. तो क्रमांक, घराचा पत्ता आणि चालू औषधांची नावं तिथल्या भाषेत, पण देवनागरी अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा. तुम्ही कामावर असता तेव्हा फोन त्यांनाच करायचा असतो.

सहा ते आठ आठवड्यांनी ३० सेकंदांची चाचणी पुन्हा घ्या. मध्ये ताप किंवा प्रवासामुळे आठवडाभर खंड पडला असेल तर निम्म्यापासून सुरू करून दोन आठवड्यांत मूळ आकड्यावर या, आणि चाचणी तेवढी पुढे ढकला.